बारा तासांच्या पाळीसाठी रसायनांच्या संपर्क मर्यादा कशा बदलाव्यात

कामाची पाळी बारा तासांची आणि तुलनेसाठी घेतलेली मर्यादा आठ तासांची, अशी विजोड जोडी लावून तयार केलेले हवेच्या मोजणीचे अहवाल आजही बिनदिक्कत स्वीकारले जातात. त्यात मोजणी बहुधा बरोबर असते, प्रयोगशाळेचे आकडेही बरोबर असतात. चूक होते ती शेवटच्या रकान्यात, जिथे "मर्यादेच्या आत" असा शेरा मारला जातो. आठ तासांची मर्यादा ठरवताना दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: कामगार दिवसाला आठ तासच त्या हवेत श्वास घेतो आणि उरलेल्या सोळा तासांत त्याचे शरीर ते रसायन बाहेर टाकते. पाळी बारा तासांची झाली की आत जाणारी मात्रा दीडपट होते आणि शरीराला मिळणारी उसंत सोळावरून बारा तासांवर येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्यास मंजुरी दिल्यापासून हा प्रश्न अधिक व्यवस्थापनांसमोर येऊ लागला आहे. किती तास काम करून घेण्यास परवानगी आहे आणि तितके तास कोणत्या हवेत काम करणे सुरक्षित आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढील मांडणी दुसऱ्या प्रश्नापुरती असून ती सुरक्षा अधिकारी, कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी आणि मोजणी करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून पेंट मिसळण्याच्या विभागातील टोल्युइन हे द्रावक शेवटपर्यंत सोबत ठेवले आहे.

टप्पा १ : खरे तास गोळा करा

सूत्राला हात लावण्याआधी हजेरीचे कागद हाती घ्यावेत. पाळीचे अधिकृत वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते, पण खरे तास पंचिंगच्या नोंदींत आणि ओटी रजिस्टरमध्ये सापडतात. रिलिव्हर आला नाही म्हणून सलग दोन पाळ्या केलेला ऑपरेटर, शटडाउनच्या काळात रोज चार तास जादा थांबणारी देखभालीची टोळी आणि एका कारखान्यातून सुटून दुसऱ्या कारखान्यात त्याच प्रकारच्या कामाला जाणारा ठेकेदाराचा कामगार हे तिघेही वेळापत्रकात दिसत नाहीत. ठेकेदाराच्या कामगारांचे तास स्वतंत्रपणे विचारून घ्यावे लागतात, कारण त्यांचे हजेरीपत्रक बहुधा वेगळे असते.

प्रत्येक कामगार-गटासाठी तीन आकडे लिहून काढावेत: एका दिवसातील जास्तीत जास्त तास, पाळीच्या पूर्ण चक्रावर काढलेले आठवड्याचे सरासरी तास आणि कोणत्याही सलग सात दिवसांतील जास्तीत जास्त तास. चार दिवस काम आणि चार दिवस सुट्टी अशा बारा तासांच्या चक्रात आठवड्याची सरासरी ४२ तास येते, पण सलग सात दिवसांत ४८ तासांपर्यंत काम होऊ शकते. सहा दिवस बारा-बारा तास चालणाऱ्या पाळीत मात्र आठवड्याला ७२ तास भरतात. दोन्ही पाळ्यांना बोलताना "बारा तासांची पाळी" असेच म्हटले जाते. त्यांचे गुणक, म्हणजे मूळ मर्यादेला ज्या आकड्याने गुणून ती कमी करायची ते आकडे, मात्र बरेच वेगळे निघतात.

तपासणी : आठ तासांची पाळी आणि आठवड्याला सहा दिवस हे आपल्याकडचे नेहमीचेच वेळापत्रक आहे, म्हणून ते गणनेतून वगळू नये. अमेरिकेतील एसीजीआयएच या संस्थेच्या मर्यादा आठ तासांचा दिवस आणि ४० तासांचा आठवडा धरून ठरवलेल्या आहेत. त्या मर्यादा वापरत असाल, तर ४८ तासांचा आठवडासुद्धा "असामान्य" वेळापत्रकात मोडतो.

टप्पा २ : मूळ मर्यादा कोणती घ्यायची ते ठरवा

आपल्या बहुतेक कारखान्यांचे अहवाल कारखाने अधिनियम, १९४८ च्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीतील आकड्यांवर बेतलेले असतात. त्या अनुसूचीत टोल्युइनची आठ तासांची काळभारित सरासरी (तासांच्या प्रमाणात काढलेली सरासरी) मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आणि पंधरा मिनिटांची अल्पकालीन मर्यादा १५० पीपीएम आहे. एसीजीआयएचची आठ तासांची मर्यादा मात्र २० पीपीएम आहे. कायद्याचा आकडा ओलांडता येत नाही, पण तो कामगाराच्या आरोग्यासाठी पुरेसा असेलच असे नाही. म्हणून दोन्ही आकडे अहवालात शेजारी-शेजारी ठेवावेत आणि दोन्हींना पाळीचा गुणक लावावा. १०० ला गुणक लावून काटेकोर काम केल्याचे समाधान मानायचे आणि २० कडे डोळेझाक करायची, हा प्रकार मला तरी पटत नाही.

ही गणना सुरू करण्यापूर्वी सध्या लागू असलेल्या कायद्यातील आणि नियमांतील आकडा पाहून घ्यावा. जुन्या अहवालातील आकडा तसाच पुढे उतरवू नये.

टप्पा ३ : या मर्यादेला गुणक लावायचाच का ते ठरवा

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या दोन्ही दिशांनी होतात. काही जण कोणतीच मर्यादा बदलत नाहीत, तर काही जण तक्त्यातील प्रत्येक आकड्याला सरसकट ०.५ ने गुणून मोकळे होतात. मर्यादा कोणत्या दुष्परिणामापासून वाचवण्यासाठी ठरवली आहे, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या पद्धतीत हीच विभागणी केलेली आहे आणि ती व्यवहारात उपयोगी पडते.

पहिल्या गटातील मर्यादा बदलू नयेत. क्षणभरही ओलांडायची नाही अशी सीलिंग मर्यादा (हायड्रोजन क्लोराइडची ५ पीपीएम ही या प्रकारची), पंधरा मिनिटांची अल्पकालीन मर्यादा, केवळ डोळ्यांची व घशाची जळजळ टाळण्यासाठी ठरवलेली मर्यादा आणि नायट्रोजनसारख्या, फक्त ऑक्सिजनची जागा व्यापणाऱ्या वायूंसाठीचे निकष या गटात येतात. जळजळ होते की नाही हे त्या क्षणी हवेत किती वायू आहे यावर ठरते; पाळी आठव्या तासाला संपते की बाराव्या, याने फरक पडत नाही.

दुसऱ्या गटात त्याच दिवशी जाणवणारे परिणाम येतात. कार्बन मोनॉक्साइड हे याचे सरळ उदाहरण आहे. साध्या हवेत विश्रांती घेत असताना रक्तात अडकलेला हा वायू निम्मा कमी व्हायला साधारण चार ते पाच तास लागतात, त्यामुळे पुढच्या पाळीपर्यंत त्यातील बहुतेक भाग निघून जातो. अशा रसायनांसाठी दिवसाचे तास महत्त्वाचे असतात आणि ८ भागिले दिवसाचे तास हा गुणक लावला जातो.

तिसऱ्या गटात शरीरात साठत जाणारी किंवा वर्षानुवर्षांच्या संपर्काने इजा करणारी रसायने येतात. शिसे रक्तातून निम्मे कमी व्हायला महिनाभर लागतो आणि हाडांत ते अनेक वर्षे राहते; सिलिकाची धूळ फुफ्फुसात घर करते. इथे ४० भागिले आठवड्याचे सरासरी तास हा गुणक लागू होतो. शिशासाठी अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमात मात्र दिवसाचा हिशेब थेट लिहिलेला आहे: ४०० भागिले दिवसाचे तास म्हणजे त्या दिवसाची मर्यादा, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये. आठ तासांना ५०, दहा तासांना ४० आणि बारा तासांना ३३ असा आकडा येतो.

चौथ्या गटातील रसायने दोन्ही प्रकारे इजा करतात. टोल्युइन डोके जड करते आणि दीर्घकाळच्या संपर्काने दृष्टी, श्रवण व प्रजनन यांवरही परिणाम करते. अशा वेळी दैनिक आणि साप्ताहिक असे दोन्ही गुणक काढून जो लहान असेल तो वापरावा.

इशारा : कर्करोग निर्माण करणाऱ्या रसायनांना गुणक लावून मिळालेला आकडा "सुरक्षित" या अर्थाने वापरू नये. तिथे संपर्क जितका कमी करता येईल तितका करणे हेच उद्दिष्ट असते आणि गुणक ही फक्त वरची हद्द राहते.

इशारा : अमोनियासारख्या रसायनाची मर्यादा प्रामुख्याने जळजळीवर आधारलेली असली, तरी त्वचेतून शोषल्या जाणाऱ्या किंवा एकाच वेळी अनेक परिणाम करणाऱ्या पदार्थांना घाईने पहिल्या गटात टाकू नये. मर्यादेचा आधार सुरक्षा माहितीपत्रकात सहसा मिळत नाही. तो मर्यादा ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात शोधावा लागतो.

टप्पा ४ : गुणक काढा

वर्गवारी ठामपणे मांडू शकेल असा विषविज्ञानाचा जाणकार हाताशी नसेल, तर १९७५ साली ब्रीफ आणि स्काला यांनी मांडलेले सूत्र वापरावे. ते वाढलेले तास आणि घटलेली विश्रांती या दोन्हींचा हिशेब करते.

दैनिक गुणक = (८ ÷ त) × ((२४ − त) ÷ १६), जिथे त म्हणजे दिवसातील कामाचे तास.

दहा तासांसाठी गुणक ०.७ येतो, बारा तासांसाठी ०.५ आणि सोळा तासांच्या दुहेरी पाळीसाठी ०.२५. म्हणजेच रिलिव्हर न आल्याने थांबलेल्या ऑपरेटरसाठी त्या दिवशीची मर्यादा पाव होते, आणि ही गोष्ट दुसऱ्या दिवशी ओटी मंजूर करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

आठवड्याला सातही दिवस काम असेल, तर साप्ताहिक गुणक = (४० ÷ त) × ((१६८ − त) ÷ १२८), आणि इथे त म्हणजे आठवड्याचे तास. एका सुट्टीच्या आठवड्यालाही हे सूत्र लावून पाहणे शहाणपणाचे आहे. ४८ तासांना ०.७८ येतो, तर ७२ तासांना ०.४२, म्हणजे बारा तासांच्या दैनिक गुणकापेक्षाही लहान.

आता टोल्युइनचे आकडे मांडू. बारा तासांची पाळी, चार दिवस काम आणि चार दिवस सुट्टी. क्वेबेकच्या पद्धतीने दैनिक गुणक ०.६७ आणि साप्ताहिक ०.९५ येतो, लहान तो घेतला की १०० पीपीएमची मर्यादा ६७ होते. ब्रीफ-स्काला पद्धतीने ती ५० होते. एसीजीआयएचच्या २० पीपीएमला ब्रीफ-स्काला लावल्यास १० पीपीएम उरतात.

रसायनाचे अर्धायुष्य (शरीरातील साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ) वापरून गणना करणारी तिसरी पद्धतही आहे. तिचे निष्कर्ष बहुतेक वेळा ब्रीफ-स्कालापेक्षा सैल असतात, त्यामुळे अहवाल "बसवायचा" असेल तेव्हा तिची आठवण हमखास येते. अर्धायुष्य काही मिनिटांचे असेल तर पुढच्या पाळीपर्यंत साठा उरत नाही. ते महिन्यांचे असेल तर रोजच्या विश्रांतीपेक्षा एकूण तासच महत्त्वाचे ठरतात. विश्रांतीचा खरा प्रश्न येतो तो काही तासांपासून काही दिवसांपर्यंत अर्धायुष्य असलेल्या रसायनांचा. ही पद्धत वापरायचीच असेल, तर अर्धायुष्याचा आकडा कोणत्या आधारावर घेतला ते लेखी नोंदवावे आणि मोजणीचे निकाल हाती येण्यापूर्वी पद्धत निश्चित करावी.

इशारा : गुणक १ पेक्षा मोठा आला तर तो १ धरावा. सहा तासांची पाळी आहे म्हणून मर्यादा वाढवता येत नाही. ही सूत्रे चार तासांपेक्षा लहान किंवा सोळा तासांपेक्षा मोठ्या पाळ्यांसाठी वापरू नयेत.

टप्पा ५ : पूर्ण पाळी मोजा

गुणक बारा तासांचा असेल, तर मोजणीही बारा तासांची हवी. वैयक्तिक नमुना पंप कामगाराच्या पट्ट्याला आणि हवेतील रसायन शोषून धरणारी कोळशाची (चारकोल) ट्यूब त्याच्या श्वसनक्षेत्रात, म्हणजे कॉलरजवळ लावावी. एकच चारकोल ट्यूब सलग बारा तास चालवली, तर ती भरून जाऊन रसायन पुढच्या भागातून मागच्या भागात झिरपण्याचा धोका असतो. मागच्या भागात पुढच्या भागाच्या १० टक्क्यांहून अधिक रसायन सापडले, तर तो नमुना ग्राह्य धरू नये. त्यामुळे प्रवाह कमी ठेवून पाळीत लागोपाठ तीन-चार ट्यूब बदलणे चांगले. पंप पाळीपूर्वी आणि पाळीनंतर ट्यूब लावलेल्या स्थितीत कॅलिब्रेट करावा. बारा तास बॅटरी टिकते का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. बाहेरून येणाऱ्या मोजणी पथकांची सर्वाधिक पंचाईत याच ठिकाणी होते.

समजा एका ऑपरेटरचे निकाल असे आले: पहिले ३ तास ४० पीपीएम, पुढचे ४ तास ६२, मग ३ तास ५० आणि शेवटचे २ तास २१. काळभारित सरासरी काढताना प्रत्येक आकडा त्याच्या तासांनी गुणून बेरीज करायची: १२० + २४८ + १५० + ४२ = ५६०. याला १२ ने भागले की ४६.७ पीपीएम मिळतात.

इथे नेहमी दिसणाऱ्या चुका अशा आहेत. चार आकड्यांची साधी सरासरी काढली, तर ती ४३.३ येते आणि संपर्क कमी दिसतो. पथक सात तासांनंतर परत गेले आणि उरलेले पाच तास शून्य धरले, तर आकडा ३०.७ पर्यंत खाली येतो. ही तर उघड दिशाभूल आहे. दिवसपाळीचा आकडा रात्रपाळीला लावला जातो, पण रात्री खिडक्या बंद असतात, एखादा एक्झॉस्ट बंद ठेवलेला असतो आणि टाक्या धुण्याचे काम बहुधा तेव्हाच होते.

टप्पा ६ : तुलना करा, पण दुरुस्ती एकदाच करा

बारा तासांची सरासरी ४६.७ आणि ब्रीफ-स्कालाची मर्यादा ५०. गुणोत्तर ०.९३ येते. मूळ १०० पीपीएमशी तुलना केली असती, तर अहवालात ४७ टक्के लिहिले गेले असते आणि फाइल बंद झाली असती. ०.९३ हे कागदावर मर्यादेच्या आत असले, तरी पंपाची आणि प्रयोगशाळेची अनिश्चितता आणि रोजच्या कामातील चढउतार लक्षात घेता ते सुरक्षित मानता येत नाही. मर्यादेच्या निम्म्यावर, म्हणजे इथे २५ पीपीएमवर, कारवाईची पातळी ठेवावी.

दुहेरी दुरुस्ती ही अनुभवी लोकांकडूनही होणारी चूक आहे. काही संस्था बारा तासांचा एकूण संपर्क आठने भागून "आठ तासांचा समतुल्य" आकडा देतात; आपल्या उदाहरणात तो ५६० ÷ ८ = ७० पीपीएम येतो. वाढलेल्या तासांचा हिशेब या आकड्यात आधीच झालेला असल्यामुळे त्याची तुलना ५० शी करता येत नाही. तो वापरायचाच असेल, तर समायोजित मर्यादाही त्याच मापात आणावी: ५० × १२ ÷ ८ = ७५. गुणोत्तर पुन्हा ०.९३ येते आणि तसे यायलाच हवे.

तपासणी : हातातील वायू-शोधक उपकरणांवर टीडब्ल्यूए (काळभारित सरासरी) अलार्म असतो. उपकरण जमा झालेला संपर्क ८ तासांनी भागते की प्रत्यक्ष उलटलेल्या तासांनी, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहून मगच अलार्मचा आकडा बदलावा. पहिल्या प्रकारात ७५ आणि दुसऱ्या प्रकारात ५० असा आकडा बसतो. चुकून अदलाबदल झाली, तर उपकरण एक तर विनाकारण वाजत राहते किंवा वाजायला हवे तेव्हा गप्प बसते.

सरासरी मर्यादेच्या आत असतानाही छोटे झटके पाहावे लागतात. झाकण उघडून थिनर ओततानाची पंधरा मिनिटे स्वतंत्र ट्यूबने मोजावीत आणि त्या आकड्याची तुलना न बदललेल्या १५० पीपीएमशी करावी.

टप्पा ७ : मिश्रणाचा हिशेब

पेंटच्या विभागात टोल्युइन सहसा एकटे नसते. समजा त्याच ऑपरेटरची झायलीनची बारा तासांची सरासरी ८ पीपीएम आली. झायलीनची अनुसूचीतील मर्यादा १०० पीपीएम आहे, म्हणजे समायोजित ५०. दोन्ही रसायने मज्जासंस्थेवर परिणाम करतात, म्हणून त्यांची गुणोत्तरे मिळवावी लागतात: ०.९३ + ०.१६ = १.०९. बेरीज १ च्या वर गेली. दोन्ही रसायने वेगवेगळी पाहिली तर मर्यादेत आहेत. एकत्र पाहिली तर नाहीत. बेरजेत प्रत्येक रसायनाची समायोजित मर्यादाच वापरावी. एकाची समायोजित आणि दुसऱ्याची मूळ अशी सरमिसळ करू नये.

टप्पा ८ : लघवी-रक्ताच्या चाचण्यांची वेळ जुळवा

जैविक चाचणीचे निकष त्याच आठ तासांच्या गृहीतकावर उभे असतात, त्यामुळे त्यांचा अर्थ लावताना पाळीचे तास निकालासोबत लिहिलेले हवेत. टोल्युइनसाठी पाळी संपताना घेतलेल्या लघवीतील ऑर्थो-क्रेसॉल (शरीरात टोल्युइनपासून तयार होणारा पदार्थ) पाहावे. एसीजीआयएचचा निर्देशांक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. कमी संपर्काच्या पातळीवर हिप्प्युरिक आम्लावर (तेही टोल्युइनपासून तयार होते) विसंबू नये, कारण सोडियम बेंझोएट घातलेली बाटलीबंद लोणची, सॉस आणि शीतपेये घेतल्यानेही ते वाढते. "पाळी संपताना" याचा अर्थ बाराव्या तासानंतर असा आहे. प्रयोगशाळेचा माणूस चार वाजता येतो म्हणून आठव्या तासाला घेतलेला नमुना या कामाचा नाही.

टप्पा ९ : आकडा ओलांडला तर काय करावे

पहिला उपाय हवा सुधारण्याचा: मिक्सरला झाकण, ओतण्याच्या जागी स्थानिक एक्झॉस्ट आणि कमी बाष्पनशील थिनर. ते होईपर्यंत वेळ कमी करता येतो. त्या कामगाराला पाळीतील काही तास स्वच्छ हवेतील काम द्यावे. ही अदलाबदल करताना नव्या माणसांचा संपर्कही मोजावा लागतो, नाहीतर एकाचा भार तिघांवर वाटला जातो आणि कुणाच्याच नोंदीत दिसत नाही. मास्क द्यायचा असेल तर द्यावा, पण मास्कच्या भरवशावर गुणक वगळू नये. बारा तास अर्धचेहरा मास्क घट्ट लावून काम होत नाही आणि आठ तासांचे आयुष्य धरून दिलेले कार्ट्रिज (मास्कमधील गाळणी) बाराव्या तासाला संपलेले असू शकते; कार्ट्रिज बदलण्याचे वेळापत्रकही याच गणनेतून नव्याने काढावे.

टप्पा १० : नोंद ठेवा आणि केव्हा पुन्हा मोजायचे ते ठरवा

नोंदीत मूळ मर्यादा व तिचा स्रोत, रसायनाचा गट, निवडलेली पद्धत, तासांचे तीनही आकडे, गुणक, समायोजित मर्यादा, मोजलेली सरासरी आणि ती किती तासांची आहे हे सर्व एका पानावर असावे, म्हणजे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला किंवा पुढच्या सुरक्षा अधिकाऱ्याला गणना पहिल्यापासून पुन्हा करून पाहता येते. पाळीचे वेळापत्रक बदलले, ओटीचे तास सलग काही आठवडे वाढले, कच्चा माल किंवा थिनरचा पुरवठादार बदलला किंवा शटडाउन जाहीर झाला की हे पान पुन्हा उघडावे. शटडाउनच्या बाबतीत गणना काम सुरू होण्याआधी करावी, कारण तेव्हाच पाळ्यांची रचना बदलणे शक्य असते.

हे पान सुरक्षा विभागाच्या कपाटात ठेवून भागत नाही. दुहेरी पाळीची परवानगी देणाऱ्या शिफ्ट इनचार्जच्या टेबलावर त्यातील एकच ओळ ठळक लिहून लावावी: या विभागात कुणालाही किती तासांपुढे थांबवायचे नाही, आणि थांबवावेच लागले तर त्याला कोणत्या कामावर ठेवायचे.